नॉस्टर या खुल्या सोशल नेटवर्कवर खरंच कुणी आपल्याला उडवू शकत नाही का?

रातकिडा: फेडिव्हर्समधल्या (एकमेकांना जोडलेल्या स्वतंत्र सोशल सर्व्हरांचं जाळं) एका छोट्या सर्व्हरवर होतो, चालवणाऱ्याने अचानक गाशा गुंडाळला, पोस्टी, फॉलोअर सगळं गेलं. नॉस्टरवर असं होत नाही म्हणतात, ते कसं काय?

गाठोडं: कारण तिथे अकाउंट असं नसतंच. किल्ल्यांची जोडी असते, एनपब (सार्वजनिक किल्ली) जगाला द्यायची, एनसेक (गुप्त किल्ली) जिवापाड जपायची. पोस्ट एनसेकने साइन होऊन एकदम चार-पाच रिलेंवर (पोस्टी साठवून पुढे देणारे सर्व्हर) जाते, एकाने हाकललं तरी बाकीच्यांकडे असतेच, आणि सही असल्यामुळे रिलेवाल्याला मजकुरात गुपचूप फेरफार करता येत नाही. ॲक्टिव्हिटीपबमध्ये (फेडिव्हर्सचे सर्व्हर ज्यावर एकमेकांशी बोलतात ते, २०१८ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने स्टँडर्ड केलं) तुमचं नावच सर्व्हरच्या डोमेनला बांधलेलं, तिथेच गोची.

शंकासुर: हे सांगा ना, एनसेक हरवली तर पासवर्ड रीसेट नावाचा प्रकारच नाही! आणि डिलीट म्हणजे नुसती विनंती, रिलेने ऐकलं तर ऐकलं. शिवाय सगळ्यांनी त्याच दोन-तीन मोठ्या रिले धरल्या तर कसलं आलंय डिसेंट्रलाइज्ड?

रातकिडा: बाप रे, मी एनसेक स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवलीये 😅

गाठोडं: आधी तो उडव, नवीन जोडी बनव.