फ्रेंच लेथचं मॅन्युअल इंग्रजीत करायचंय, अनुवादक कसा पारखावा?

कुपवाड_टर्निंग:
कुपवाड एमआयडीसीत जुनी फ्रेंच लेथ (धातू कातायचं मशिन) आली आहे. सोबत १४० पानांचं मॅन्युअल आणि हीट ट्रीटमेंटचे तक्ते, सगळं फ्रेंच. मोबाइलवर भाषांतर केलं तर हेडस्टॉकच्या (जॉब फिरवणारा लेथचा डोक्याकडचा भाग) जागी 'बाहुली' येतंय. जाणकार माणूस कुठे मिळेल? आणि त्याला विषय कळतो की नाही, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

मिरज_टूलरूम:
दादा, नुसतं फ्रेंच येऊन भागत नाही. आधी एक पान नमुन्याला द्या, आणि ते हीट ट्रीटमेंटचंच द्या. 'त्राँप' म्हणजे पोलादाला पाणी देणं, आपलं हार्डनिंग. शब्द दिसतो टेंपरिंगसारखा, म्हणून नवखा तेच लिहून मोकळा होतो. टेंपरिंगला (पाणी दिलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवून ठिसूळपणा कमी करणं) फ्रेंचमध्ये 'रव्हन्यू' म्हणतात, आणि एरवी त्याचा अर्थ उत्पन्न! ४२सीडी४ ही पोलादाची फ्रेंच जात, म्हणजे जवळपास आपलं ईएन१९. ते ८५० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवतात, मग साधारण ५५० ते ६५० ला टेंपर करतात. या दोन शब्दांची गल्लत झाली की भट्टीवाल्याला चिठ्ठीच चुकीची जाते. टेंपर राहून गेलं तर जॉब ठिसूळ राहतो आणि लोड आला की तडकतो.

पलूस_फिटर:
आकड्यांकडेही लक्ष द्या. फ्रेंच मंडळी दशांशाला स्वल्पविराम देतात. तिथलं १,२५० म्हणजे सव्वा मिलिमीटर, साडेबाराशे नव्हे. स्कॅन पुसट असेल तर स्वल्पविराम उडतो, म्हणून फोटो नको, ३०० डीपीआयचा स्कॅन द्या. नमुन्यात 'तारोदाज' (आतले आटे), 'फिलताज' (बाहेरचे आटे) आणि 'झ्यो' हे शब्दही येऊ द्या. 'झ्यो'चं त्यानं 'खेळ' केलं तर सोडून द्या, तिथे क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) हवं.

मिरज_टूलरूम:
माणूस शोधायला पुण्यात आलियाँस फ्रांसेझ आणि रानडे इन्स्टिट्यूटचा परदेशी भाषा विभाग इथे चौकशी करा. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावर भाषाजोडी आणि मेकॅनिकल विषय निवडून शोधता येतं. दर मूळ फ्रेंच शब्दांवर ठरवा, म्हणजे रक्कम आधीच कळते. १४० पानं एकदम देऊ नका. आधी ऑइलिंग, गिअरचा तक्ता आणि इलेक्ट्रिकल, कारण मशिन चालू करायला तेवढंच लागतं. पार्ट्सच्या चित्रांतले नंबर मूळचेच ठेवायला सांगा, आणि काम हातात आलं की जुन्या टर्नरला मशिनपाशी उभं करून ओळ न् ओळ ताडून घ्या.