नऊ वर्षांच्या मुलीला 'फास्टर फेणे'नंतर काय द्यावं?

मनवाची_आई

नमस्कार मंडळी. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही वाचतात. आमच्याकडे काय चाललं ते सांगते आणि मग माझी अडचण.

धाकट्याचं सगळ्यात लाडकं म्हणजे माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर'. त्यात मोठं काही घडत नाही. राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, एवढंच. चित्रंही पुरंदऱ्यांचीच. पण तो एकेका पानावर इतका रेंगाळतो की मजकूर कधीच वाचून झालेला असतो आणि पान काही उलटत नाही. दुसरा 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ही चित्रमालिका १९९१ पासूनची, तरी त्याला ती कालचीच वाटते. शेवटची चौकट तळहाताने झाकतो, आता काय होणार ते मला सांगतो आणि मगच हात काढतो. जोडाक्षर आलं की अडतो, पण चित्रावरून अंदाज बांधून पुढे सरकतो. माझ्या मते पहिल्यांदा एकट्याने वाचायला याहून चांगलं काही नाही. फुग्यात चारच शब्द असतात आणि वाचून झालं की लगेच हसू येतं!

थोरलीने भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची हाती लागली तेवढी सगळी पुस्तकं संपवली. त्यातला बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, काटकुळा आहे, कुणाच्या सांगण्याची वाट न बघता सायकलवर टांग मारतो, हे तिला फार आवडतं. घरात दिवसभर त्याचं ते 'ट्टॉक' चालू असतं. आता दुसरं कुठलंही पुस्तक पुढे केलं की चार पानं वाचते आणि ठेवून देते. "यात मुलं काहीच करत नाहीत, मोठी माणसंच बोलतात," हे तिचं म्हणणं. मला ते पटतं. दोघांनी पुन्हा पुन्हा मागितलेली पुस्तकं आठवली तर एकातही गोष्ट थांबवून मुलांना शहाणपण शिकवलेलं नाही.

तर तिला पुढे काय देऊ? 'तोत्तोचान' हे जपानी शाळकरी मुलीचं पुस्तक आणून ठेवलंय, पण त्यातला दुःखाचा भाग तिला झेपेल का, कळत नाही.

पानोपानी

मनवाची आई, 'तोत्तोचान' बिनधास्त द्या, फक्त पहिल्यांदा सोबत वाचा. आमच्या मुलाला पहिल्याच प्रकरणाने धरून ठेवलं होतं. तोत्तोचान वर्गात डेस्कचं झाकण सारखं उघडते-मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, आणि शेवटी तिला शाळेतून काढून टाकतात. नव्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत, आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचं बोलणं तासन् तास ऐकून घेतात. तुमच्या लेकीला 'मुलं काहीतरी करतात' असं हवंय ना, मग यासुआकीचान झाडावर चढतो ते प्रकरण वाचा. त्याला पोलिओ झालेला असतो. तोत्तोचान आधी साधी शिडी आणते, मग घोडा-शिडी, आणि घामाघूम होऊन त्याला फांदीपर्यंत नेते. मोठ्यांपैकी कुणालाही पत्ता नसतो.

पुढे यासुआकीचान हे जग सोडून जातो. शेवटी युद्धात शाळाही जळते. ती प्रकरणं मुलीला एकटीला रात्री वाचू देऊ नका, इतकंच. आमचा त्या प्रकरणानंतर बराच वेळ गप्प होता, मग त्याने झाडावर चढायचं प्रकरण परत वाचायला काढलं. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. आणि हे सगळं खरं घडलेलं आहे, तेत्सुको कुरोयानागींचं स्वतःचं बालपण, हे तिला आधीच सांगा. त्याने फरक पडतो.

जुनापुराणा

दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' दिलात का? प्रत्येक गोष्ट सुटी, खोडकर पण मनाचा चांगला मुलगा. 'फास्टर फेणे'वरून उडी मारायला अगदी सोपा. शिवाय भागवतांनीच जूल व्हर्नचे अनुवाद केलेत. दहा-अकराव्या वर्षी ते चालतील.

सुमनताई

एवढ्या चर्चेत 'श्यामची आई' कुणीच घेतलं नाही? आमच्या घरी प्रत्येकाने ते याच वयात वाचलं.

मनवाची_आई

सुमनताई, पुस्तकाबद्दल मला फार आदर आहे. पण तिच्या हातात नुसतं दिलं तर ती ठेवून देईल, कारण त्यात आई समजावून सांगते ते बरंच आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची प्रकरणं म्हणजे 'रात्री' आहेत, तेव्हा ते ऐकायचंच पुस्तक आहे असं मला वाटतं. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शोधून काढते, तो भाग मी वाचून दाखवीन. तिथे दोघंही कान टवकारतील याची खात्री आहे.

पानोपानी, शिडीचं वाचूनच ठरलं. आजपासून 'तोत्तोचान'.

किशोरवाली

उशिरा लिहितेय. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एकदम जाड पुस्तक नको असेल तेव्हा अंकातली एखादी गोष्ट पुरते. धाकट्यासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. जोडाक्षरांवर अडतोय म्हणालात ना, त्याला पहिल्या पातळीच्या गोष्टी छापून द्या. स्क्रीनवर वाचायला लावू नका. कागद हातात असला की तो बोट ठेवून वाचेल.