कुंड की कुंडी? सोसायटीच्या सूचनाफलकावरून

गोदाकाठची (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत गणपतीची सूचना लागली. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते: 'यंदा सर्व घरगुती गणपतींचे विसर्जन आवारातील कुंडीत करण्यात येईल.' आवाराच्या मागे विटांचा, आतून सिमेंटचा गिलावा केलेला, कमरेएवढा खोल हौद बांधलाय. त्याच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून निळ्या ऑइलपेंटने 'विसर्जन कुंडी' असं लिहूनही घेतलंय.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. सूचना वाचून त्या जिन्यातच थांबल्या. "गणपती कुंडीत घालायचा? कुंडीत तुळस लावतात, नाहीतर कचरा टाकतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "कुंड म्हणा, कुंडी म्हणा, पाणी तेच ना?"

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

कुंड ही जागा आहे. माणूस तिथे चालत जातो. कुंडी हे भांडं आहे. ते माणूस आपल्या सोयीने आणतो, ठेवतो, हलवतो. लहानमोठेपणाचा यात संबंध नाही. मी नाशिकची, पंचवटीत वाढले. रामकुंडाला कधी कुणी 'रामकुंडी' म्हटलेलं ऐकलं नाही. आमच्या घरात "कुंडावर जाऊन येते" हे रोजचं वाक्य होतं. त्यातलं 'वर' बघा. नदीवर, विहिरीवर, घाटावर, तळ्यावर, कुंडावर. मराठीत जिथे माणसं जातात, थांबतात, भेटतात त्या पाण्याच्या जागेला 'वर' लागतो. "कुंडीवर जाऊन येते" असं म्हणून बघा, जीभच वळत नाही.

देवाला निरोप द्यायला आपण एखाद्या जागी जातो, भांड्यापाशी नाही. म्हणून तिथे 'कुंड' हवं, 'कुंडी' नको. तुमचं मत काय?

रोजचंमराठी

धागा मनापासून लिहिलाय, तरी मी विरोधात आहे.

कचराकुंडीचं काय करायचं? माझ्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची गोल कचराकुंडी होती. चार माणसांनी मिळूनही हलली नसती. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "कचराकुंडीच्या पुढे डावीकडे" असंच सांगायचो. म्हणजे ती जागाच झाली होती. दुसऱ्या बाजूने, पूजासाहित्याच्या दुकानात तांब्याचं हवनकुंड मिळतं. काखोटीला मारून घरी आणता येतं, होम झाला की घासून माळ्यावर टाकतात. ते हलतं, तरी कुंड. आणि सिमेंटची ती हलत नाही, तरी कुंडी.

दोन्ही शब्द आता सरमिसळ झालेत. सेक्रेटरींचा हेतू चांगला होता, त्यांनी नदी वाचावी म्हणून हौद बांधला. वेलांटीवरून त्यांना बोल लावू नये.

गोदाकाठची

@रोजचंमराठी, सेक्रेटरींच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. हौदासाठी मीही वर्गणी दिली आहे.

कचराकुंडीचा मुद्दा मात्र तुमच्याच वाक्याने तपासू. कचरा कुठे टाकतो आपण? "कचराकुंडी*त* टाकून ये." आणि कुंडी नसेल तर? "उकिरड्या*वर* टाकून ये." उकिरडा ही जागा, कचराकुंडी हे भांडं. बोलणाऱ्याच्या तोंडात हा फरक अजून शाबूत आहे. पत्ता सांगताना आपण झाडाचाही वापर करतो, म्हणून झाड ही काही जागा होत नाही.

हवनकुंडाचं उत्तर माझ्याकडे लगेच नाही, विचार करते.

पाटीवरची अक्षरं

हवनकुंडाचं उत्तर मी देतो. मूळ होमकुंड जमिनीत खणायचं किंवा विटांनी रचायचं. फ्लॅटमध्ये फरशी खणता येत नाही म्हणून ते तांब्यात आलं, येताना जुनं नाव घेऊन आलं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. धागाकर्तीने जो प्रश्न काढलाय तो पाणिनीने सूत्रात बांधून ठेवलेला आहे. अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं ४२वं सूत्र. 'जानपदकुण्डगोणस्थल...' असं सुरू होतं. अकरा शब्दांची यादी आहे, आणि कोणत्या अर्थी त्यांना स्त्रीलिंगी 'ई' लागते ते सांगितलंय. त्यात 'कुण्ड'ला 'ई' कधी लागते? 'अमत्र' या अर्थी. अमत्र म्हणजे भांडं. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, स्पष्ट सांगते: भांडं असेल तर कुण्डी, नाहीतर कुण्डा.

त्याच सूत्रात पुढे 'गोणी' आहे, धान्य भरायची. 'भाजी' आहे, शिजवलेली. आणि 'स्थली' आहे, म्हणजे माणसाने न बनवलेली, नैसर्गिक जमीन. आपल्या स्वयंपाकघरातले तीन शब्द, कुंडी, गोणी, भाजी, एका सूत्रात शेजारी-शेजारी बसलेत, आणि सोबत 'स्थळा'चं भावंडही आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून आईला हाक मारून वाचून दाखवलं होतं. ती भाजीच निवडत होती.

तेव्हा धागाकर्तीचं म्हणणं अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनं आहे. ती 'ई' म्हणजे भांडं.

रोजचंमराठी

सूत्र सुंदर आहे, पण अर्धीच बाजू सांगितलीत. अमरकोशात काय आहे? 'पिठरः स्थाल्युखा कुण्डम्'. हे सगळे शिजवायच्या भांड्याचे शब्द, आणि त्यात सरळ 'कुण्डम्' बसलंय, 'ई' न लावता. म्हणजे संस्कृतात कुंड हे भांडं होतंच. जागेचा अर्थ त्याच शब्दाला आहे, भांड्याचाही त्यालाच.

आणि त्याच ओळीतली 'स्थाली' बघा. ती शिजवायचं भांडं होती. एक शीत दाबून सगळ्या भाताची परीक्षा करायची, तो स्थालीपुलाक न्याय त्याच भांड्यावरून आला. तिचीच आपली 'थाळी' झाली, आणि थाळीत आज कुणी भात शिजवत नाही, वाढून घेतात. भांड्यांचे शब्द असेच सरकत राहतात. पाणिनीच्या सूत्रावर आजच्या सोसायटीची सूचना तपासायची तर उद्या थाळीही चुलीवर चढवावी लागेल.

पाटीवरची अक्षरं

अमरकोशाचा मुद्दा मान्य. माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. संस्कृतात 'कुण्ड' दोन्हीकडे चालायचं, 'कुण्डी' मात्र फक्त भांड्याकडे, असं म्हणतो. यातून निघतं ते धागाकर्तीच्याच बाजूचं: कुंड हे एखादवेळी भांडं असू शकेल, पण कुंडी कधी तीर्थाची जागा झालेली नाही.

कुकडीकाठचा

मी निघोजचा, तालुका पारनेर. इथे पुस्तकाचं काम नाही, आमच्या नदीत येऊन बघा.

कुकडी नदीच्या काळ्या कातळात पाण्याने खड्डे कोरलेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरतात आणि दगड आतून घासत जातात. तोंड अरुंद, पोट फुगलेलं, कडा हाताने पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाशी ते गोटेही दिसतात, लाडवासारखे गोल झालेले. त्यांना पुस्तकात 'रांजणखळगे' म्हणतात. रांजण म्हणजे काय? भांडं! आणि आम्ही गावातले त्या सगळ्या जागेला काय म्हणतो? 'कुंड'. "कुंडावर चाललोय." काठावर मळगंगेचं देऊळ आहे. नदी ओलांडली की शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, तिकडचे लोकही 'कुंड'च म्हणतात.

एकेक खळगा बघितला की रांजण, सगळं मिळून बघितलं की कुंड. डोळ्याला भांडं दिसतं, पायाला जागा लागते. 'वर'ची गोष्ट ताईंनी बरोबर पकडली. लहानपणापासून बोलतोय, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

परडं

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे अशीच एक जोडी आहे. घरामागची जागा, जिथे अळू, केळी, जास्वंद असते, ते 'परडं'. आणि त्यातली फुलं तोडून ज्यात ठेवायची ती 'परडी'. परड्यात जाऊन परडी भरून आणायची. मी सात-आठ वर्षांची असताना रोज सकाळचं हे काम माझ्याकडे होतं. दोन शब्दांचं मूळ एकच आहे का, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं, पण कानाला ती जोडी कुंड-कुंडीसारखीच लागते. किल्ल्यावरचं कातळात खोदलेलं टाकं आणि गच्चीवरची टाकी, तीही तशीच.

कुंडाबद्दल एक भर. गरम पाण्याच्या झऱ्यांना सगळीकडे 'गरम पाण्याचं कुंड' लिहितात. वज्रेश्वरी-गणेशपुरीला तसं म्हणत असतील. आमच्याकडे जुना शब्द 'उन्हाळे' आहे. तो लिहा ना पाट्यांवर!

वाडग्यातलं दूध

@परडं, आमच्या नगरकडे याच्या उलट जोडी आहे. मेंढरं, शेळ्या कोंडायची काटेरी कुंपणाची जागा म्हणजे 'वाडगं'. आणि दूध-भाकरी कुस्करून खायचा तो 'वाडगा'. दोघांतलं भांडं पुल्लिंगी, ई-बी काही नाही. तेव्हा 'ई म्हणजे भांडं' असा नियम सगळीकडे लावू नका. प्रत्येक जोडीची आपापली रीत असते.

पंचगंगेपलीकडे

कोल्हापुरात कचराकुंडीला 'कोंडाळा' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरी 'कुंडी' म्हटलं की फक्त फुलझाडाचीच आठवते, आणि फुलझाडाच्या कुंडीत गणपती म्हटलं तर कुणाला राग येणार नाही. तुमच्या सासूबाईंना जे खुपलं ते 'कुंडी'तलं नाही, 'कचराकुंडी'तलं आहे.

बाल्कनीतली बाग

हेच लिहायला आले होते. मी या शब्दाच्या बाजूने बोलणार आहे.

गेली सहा वर्षं आमचा गणपती कुंडीतच जातो. शाडूची वीतभर मूर्ती. पाचव्या दिवशी आरती झाली की पितळी घंगाळात पाणी घेऊन त्यात विसर्जन करतो. पहिल्या तासाभरात हात आणि सोंड विरघळते, पाठीचा भाग सकाळपर्यंत राहतो. तो पूर्ण विरघळेपर्यंत कुणी घंगाळ हलवत नाही. मग ती माती कुंडीत जाते. नुसता शाडू घालू नका, तो घट्ट बसतो आणि मुळं गुदमरतात. त्यात दुप्पट-तिप्पट साधी माती आणि शेणखत मिसळावं लागतं. त्या कुंडीत आम्ही जास्वंद लावली. पुढच्या वर्षी देवाला फुलं त्याच झाडाची.

आता सांगा, ती कुंडी फक्त भांडं आहे? माझी मुलगी शाळेत जाताना तिला नमस्कार करते. देव जिथे गेला ती जागा झाली, मग ती खिडकीच्या कठड्यावर का असेना.

गोदाकाठची

@बाल्कनीतली बाग, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांचा देव त्यांच्या हाताने गेला, ते बरोबरच केलं त्यांनी. पण ती त्यांची कुंडी आहे. आपल्याकडे ८४ घरं एकत्र येणार, ते कुंडच."

मला वाटतं त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. मी हलवता येतं की नाही यावर अडले होते, आणि हवनकुंडाने मला तिथे गप्प केलं. कुंडी एका घराची असते, कुंडावर गाव येतं. रामकुंडावर दिवसकार्याला, अस्थी घेऊन, ग्रहणात, पर्वणीला देशभरातून माणसं येतात, एकमेकांना न ओळखणारी. २०२७च्या सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर न्हातील आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर. तिथे पायऱ्या आहेत, काठ आहे, थांबायला जागा आहे. कुंडीला काठ असतो तो फक्त फुटू नये म्हणून.

रोजचंमराठी

सिंहस्थाचं नाव काढलंत म्हणून विचारतो. सगळे त्याला 'कुंभ' म्हणतात. कुंभ म्हणजे मडकं. कोट्यवधी लोक 'कुंभाला' जातात. भांड्याच्या नावाने एवढी मोठी जागा उभी राहिली, तर तुमच्या हौदाला 'कुंडी' का चालू नये? नदीचं 'पात्र' घ्या. पात्र म्हणजे भांडंच, आणि पुण्यात लोक पात्रात गाड्या लावतात.

गोदाकाठची

@रोजचंमराठी, हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. 'पात्र' मी पूर्ण मान्य करते. एकच शब्द दोन्हीकडे इतका मुरलाय की बोलताना भांड्याची आठवणही होत नाही.

कुंभाबद्दल एवढंच सांगते की नाशिकचे जुने लोक 'सिंहस्थ' म्हणतात, कारण इथे गुरू सिंह राशीत असतो. कुंभ राशीत असतो तो हरिद्वारच्या वेळी. आमचे भटजीकाका अजूनही 'कुंभ' म्हटलं की थांबवून सुधारतात. आणि जिथे 'कुंभाला जातो' म्हणतात तिथेही कुंभात कुणी जात नाही, कुंभ*मेळ्या*ला जातात. जागा मेळ्याने झाली, मडक्याने नाही.

परडं

मग सरळ 'विसर्जन हौद' लिहा ना? पुण्यात तसंच लिहितात. मुंबईत 'कृत्रिम तलाव'. कुंड म्हणायचं तर तिथे जिवंत झरा किंवा वाहतं पाणी हवं असं मला वाटतं. टँकरच्या पाण्याला कुंड म्हणणं म्हणजे कुंडाचाच मान कमी करणं.

कुकडीकाठचा

परडंताईंशी सहमत. आमच्या कुंडात उन्हाळ्यातही तळाशी पाणी असतं. हौदाला हौद म्हणा.

पाटीवरची अक्षरं

असहमत. यज्ञकुंडात कुठलं पाणी? झऱ्याची अट कुंडाला कधीच नव्हती. 'हौद' शब्द चांगला आहे, अरबीतून येऊन इथलाच झालाय, पण त्यात गुरंही पाणी पितात आणि कपडेही धुतात. देवासाठी खास राखलेल्या जागेला वेगळा शब्द असेल तर तो का सोडायचा?

गोदाकाठची

आज सकाळी सेक्रेटरींकडे गेले होते. परडंताईंचा हौद आणि पाटीवाल्यांचं कुंड, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, सूचना नव्याने टाइप करायला पाच मिनिटं लागतील, पण भिंतीवरचा रंग वाळलाय आणि रंगारी आता दसऱ्यापर्यंत मोकळा नाही.

मग आम्ही दोघं खाली जाऊन भिंत बघून आलो. 'विसर्जन कुंडी' मधली शेवटची वेलांटी तेवढी पांढऱ्या रंगाने झाकायची आहे. पांढरा डबा आमच्या घरात आहे, ब्रश सासूबाईंनी शोधून ठेवलाय.