‘विंटरायझिंग’ला ‘हिवाळी साठवण’ म्हणावे काय?

साकोलीहून प्रश्न: आमच्या भागातील मच्छीमारांकरिता नावेमागे बसवायच्या पेट्रोल इंजिनाची माहितीपुस्तिका मी मराठीत उतरवीत आहे. तीत ‘विंटरायझिंग’ नावाचे संपूर्ण प्रकरण आहे. थंड देशांत तळी गोठण्यापूर्वी इंजिन उभे धरून त्यातले पाणी निथळू देतात, कार्बुरेटर रिकामा करतात, सिलिंडरात तेल फवारतात, गिअर तेल बदलतात आणि मग ते वसंतापर्यंत ठेवून देतात. मी ‘हिवाळी साठवण’ असे लिहिले, तर गावातील एका जाणत्या काकाजींना ते धानाच्या कोठाराविषयी वाटले. नेमका शब्द सुचवावा.

पवनीहून: ‘हिवाळी’ हे विशेषणच आपल्याकडे लागू पडत नाही. गोसेखुर्दच्या जलाशयात हिवाळ्यात नावा चालूच असतात, इंजिन विसावते ते पावसाळ्यात. थंड देशांत आत उरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य धातूचा सांगाडा, तडकवते. आपले शत्रू म्हणजे गंज आणि नासलेले पेट्रोल. कोकणात पावसाळ्याआधी नौका शाकारतात, म्हणून ‘इंजिन शाकारणे’ घ्यावे.

लाखांदूरहून: भाऊ, शाकारणे म्हणजे वरून आच्छादणे, आणि हे काम सगळे आतले आहे. ‘शाखा’ म्हणजे फांद्या, त्यावरून ‘शाकारणे’ आले असावे असे मला फार दिवसांपासून वाटते. शिवाय आमच्याकडे घर शाकारत नाहीत, कवेलू (कौले) फेरतात. विहिरीवर विजेचा पंप बसल्यावर माझे वडील जुन्या डिझेल इंजनाच्या जाकिटातले, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतले, पाणी सोडत, सिलिंडरात थोडे तेल घालत आणि पिस्टन धरू नये म्हणून चाक हातानेच फिरवून ठेवत. याला ते ‘इंजन ठेवणीला घालणे’ म्हणत. वस्तू पुन्हा काढायची आहे, हा भाव त्या शब्दात आहे.

वरोऱ्याहून: ‘फांद्यां’ची व्युत्पत्ती मला ओढूनताणून जुळवलेली वाटते. ‘ठेवणीतले’ म्हणजे सणावारी काढायचे, इथे तर दरवर्षीची विश्रांती आहे. ‘हंगामबंदी’ सुटसुटीत होईल. मात्र छापील मजकुरात ‘इंजन’ नको. ते हिंदीचे वळण आहे, प्रमाण मराठीत ‘इंजिन’च शोभते.

लाखांदूरहून: ‘इंजन’ हिंदी आणि ‘इंजिन’ मराठी, हा भेद मला पटत नाही; दोन्ही रूपे इंग्रजीतूनच आली आहेत. पुस्तिका ज्यांच्या हाती जाणार, ते दिवसभर ‘इंजन’ म्हणतात. ‘हंगामबंदी’ तर सरकारी आदेशासारखी वाटते. वाचणारा मासेमारीवरील बंदीच समजेल.

वरोऱ्याहून: बोलीचा मान राखावा, पण तालुक्यागणिक लेखन बदलत गेले तर पुस्तिका शेजारच्या जिल्ह्यात परकी वाटेल.

पवनीहून: शीर्षक काहीही ठेवा, पण आतला मजकूर आपल्या हवेप्रमाणे लिहा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल धरते, म्हणून टाकीची नळी काढून, पाण्याचा पुरवठा चालू ठेवून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे असे ठळक छापा. खालचे गिअर तेल काढल्यावर दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे. ते सील पावसाळ्याआधीच बदलायला हवे.

साकोलीहून: हे सर्व घेतो. ‘ठेवणी’कडे माझा कल आहे, परंतु तेच इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रकरणाला मग काय म्हणावे? ‘ठेवणीतून काढणे’ असे लिहिले तर प्लग काढून जास्तीचे तेल उडवणे आणि पाण्याची वाट तपासणे ही कामे त्यात येतात काय?