काकू, त्रिवेंद्रमला काय आहे?

(सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-५०४ आपटे काका: केरळ टूरचं पत्रक टाकतोय. ५ रात्री ६ दिवस. मुन्नार, ठेक्कडी, हाउसबोट, कोवळम. १० डोकी झाली तर सवलत. कोण कोण?

सी-१०२ सेक्रेटरी: टँकर ११ वाजता येतोय. तोवर पाणी जपून.

ए-२०३ लिमये काकू: आपटे, ह्यात त्रिवेंद्रम कुठाय?

बी-५०४ आपटे काका: आहे की. शेवटचा दिवस, "एअरपोर्ट ड्रॉप".

ए-२०३ लिमये काकू: तेच म्हणते मी. अख्ख्या राज्याची राजधानी, समुद्राकाठचं गाव, आणि ह्यांना फक्त विमान पकडायला लागतं. जानेवारीत मी बारा दिवस केरळात होते, त्यातले चार तिथेच काढले.

डी-३०१ रश्मी: काकू!! मला वाटलं लेकीकडे गेला होतात. कुठल्या टूरने?

ए-२०३ लिमये काकू: कुठल्याच नाही. नातवाची ट्रेकची सॅक उचलली आणि निघाले. भरून ७ किलो. त्यात एक किलो तर स्वेटर, पुण्यात थंडी म्हणून स्टेशनवर घालून गेले आणि मग बारा दिवस नुसता वाहिला. तिकडे जानेवारीतही पंखा लागतो.

बी-५०४ आपटे काका: ह्या वयात पाठीवर सॅक? आणि राहिलात कुठे, धर्मशाळेत?

ए-२०३ लिमये काकू: वर्कल्याला हॉस्टेलात. सहा जणींची खोली, वरचा बंक मिळाला होता, खालच्या मुलीने आपणहून बदलून दिला. बाकी ठिकाणी साधे लॉज. घोरण्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. आपटे, तुमचं काय होईल सांगता येत नाही.

डी-३०१ रश्मी: 😂😂 रूट सांगा ना.

ए-२०३ लिमये काकू: इथून कन्याकुमारी एक्सप्रेस, रेल्वेत दोन रात्री, एर्नाकुलमला उतरायचं. तिथून बोटीने फोर्ट कोची. मग बसने आलप्पुळा. आता नीट वाचा. हाउसबोट घ्यायची नाही. आलप्पुळा ते कोट्टयम सरकारी बोट आहे, जलवाहतूक खात्याची. अडीचेक तास. तेच बॅकवॉटर, तीच भातखाचरं, वर शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या, प्रत्येक धक्क्यावर चढणारे-उतरणारे. तिकीट दोन वडापावांत बसतं. कोट्टयमहून रेल्वेने वर्कला. समुद्राला लागून तांबडा कडा आहे, आपल्या कोकणातला जांभाच, पण सरळ उभा कापल्यासारखा. दोन दिवस नुसती बसून होते. मग त्रिवेंद्रम.

ए-४०४ निखिल: पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? माझ्या गाडीच्या मागे लावलीये.

बी-५०४ आपटे काका: पण काकू, त्रिवेंद्रमला पद्मनाभस्वामीचं देऊळ सोडून आहे काय? तळघरातलं सोनं आपल्याला दाखवणार आहेत थोडंच.

ए-२०३ लिमये काकू: सोनं नाही दाखवत. देवसुद्धा एकदम दिसत नाही. शेषावर आडवा आहे, तीन दारांतून तीन तुकड्यांत दर्शन. एका दारातून मुख, मधल्यातून नाभी, तिसऱ्यातून पाय. सगळा मूर्तीचा आकार आपण मनात जोडायचा. मी तर रांगेत फिरून दुसऱ्यांदा गेले. पुरुषांना उघड्या अंगाने, मुंडू म्हणजे तिकडची लुंगी नेसूनच सोडतात. बायकांनी साडी न्यावी. माझ्याकडे पंजाबी ड्रेस, त्यावरून मुंडू गुंडाळावा लागला. बाहेर मिळतो.

सी-१०२ सेक्रेटरी: कृपया पाण्याचे मेसेज वर जाऊ देऊ नका. केरळसाठी वेगळा ग्रुप करा.

ए-२०३ लिमये काकू: सेक्रेटरी, पाच मिनिटं. आपट्यांनी विचारलंय ना, आहे काय म्हणून. तिथे एम. जी. रोडवर एका बसथांब्याचं नावच "स्टॅच्यू". कंडक्टर ओरडतात, "स्टॅच्यू, स्टॅच्यू". मी उतरले, म्हटलं बघू तरी कोणाचा. सचिवालयाच्या समोर पागोटं घातलेले गृहस्थ उभे. सर टी. माधवराव! तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमचा जन्म, १८२८. १८७२ पर्यंत त्रावणकोरचे, म्हणजे इथल्या जुन्या संस्थानाचे दिवाण. समोरचं सचिवालयही त्यांच्याच काळात बांधलेलं. नंतर इंदूर, मग बडोदा.

बी-५०४ आपटे काका: बडोद्याचे? सयाजीराव लहान होते तेव्हाचे?

ए-२०३ लिमये काकू: तेच. सगळं शहर रोज त्यांच्या नावाने उतरतं-चढतं आणि बसमधल्या कुणालाही विचारलं तर "स्टॅच्यू म्हणजे स्टॅच्यू". आपल्याकडे तरी अलका टॉकीजच्या चौकाचं नाव कोण विचारतो म्हणा.

डी-३०१ रश्मी: भारी! अजून?

ए-२०३ लिमये काकू: नेपियर म्युझियम सोमवारी बंद असतं, बुधवारी सकाळीही. मी सोमवारी गेले. बाहेरच्या बाकावर शेंगदाणे खाऊन परत. मंगळवारी पुन्हा. त्याच आवारात रविवर्म्याची मूळ चित्रं. लोणावळा लोकलमध्ये मळवली लागते ना, तिथे त्याचा छापखाना होता. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती ह्या छापखान्यातून घरोघर गेली, आणि तो माणूस मूळचा त्रिवेंद्रमजवळच्या किळिमानूरचा. मूळ रंग समोर बघताना गंमत वाटली, एवढी वर्षं आपण छापील बघत होतो.

ए-४०४ निखिल: तुंब्याला गेलात का? रॉकेट?

ए-२०३ लिमये काकू: गेले तर. चर्चमध्ये म्युझियम आहे. कोळ्यांच्या वस्तीने रॉकेटच्या केंद्रासाठी आपलं चर्च देऊन टाकलं होतं. पहिलं रॉकेट तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक नेतानाचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तुंबाच का, तर पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं. तुझी गाडी निघाली का रे?

ए-४०४ निखिल: नाही अजून. 🙏

डी-३०१ रश्मी: आणि खायचं काय? मला नारळाच्या तेलाचा वास नको होतो.

ए-२०३ लिमये काकू: पुट्टू-कडला खा, म्हणजे तांदळाचं वाफवलेलं पीठ आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, भूक भागते. पण एक सांगते, तिथल्या सद्येत, म्हणजे सणाच्या जेवणात, केळीच्या पानावर बोळी वाढतात. आपल्या पुरणपोळीची चुलतबहीण, हरभऱ्याच्या डाळीचीच, पिवळी धमक. त्यावर पायसम ओततात आणि हाताने कालवून खातात.

बी-५०४ आपटे काका: पुरणपोळीवर खीर???? तूप कुठे गेलं?

ए-२०३ लिमये काकू: मीही असाच चेहरा केला होता. शेजारच्या बाईंनी माझ्या पानावर स्वतःच ओतलं. दुसरी बोळी मी मागून घेतली, एवढंच सांगते.

ए-२०३ लिमये काकू: आणि स्टेशनसमोर, बसस्टँडला लागून इंडियन कॉफी हाउस. लॉरी बेकर ह्या वास्तुविशारदाने बांधलेलं. लाल विटांचा गोल मनोरा, आत जिना नाहीच, चढण वळत वळत वर जाते आणि तिच्या कडेने टेबलं मांडलेली. खिडकीतून गार वारा, खाली बस सुटताना दिसते. वाढपी तुरेवाल्या पागोट्यातले. मसाला डोशात बीट घालतात.

डी-३०१ रश्मी: बीट 😳

बी-५०४ आपटे काका: गुडघे?

ए-२०३ लिमये काकू: दुखले. वर्कल्याच्या कड्याच्या पायऱ्या उतरताना. गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी नाही उतरले. म्हणून तर म्हणते, ६ दिवसांत पाच गावं करू नका. जीन्स नेऊ नका, तिथल्या दमट हवेत तीन दिवस वाळत नाहीत. जूनपासून पावसाळ्यात तर जाऊच नका, आणि ऑक्टोबरातही तिकडे दुसरा पाऊस असतो.

बी-५०४ आपटे काका: मी पत्रकवाल्याला फोन करून विचारतो, त्रिवेंद्रम दोन रात्री वाढवतात का.

ए-२०३ लिमये काकू: त्याला कशाला? सॅक माझ्याकडेच आहे.

सी-१०२ सेक्रेटरी: टँकर आला आहे. काकू, तो बिटाचा डोसा सकाळीच मिळतो का संध्याकाळीही?