अनुभव धागा: जुन्या मोटारसायकलचा हेडलाईट आणि त्याचे वायरिंग

गेल्या जूनमध्ये माणगावहून पुण्याकडे येताना ताम्हिणी घाटात ढगांमुळे साडेसातलाच अंधार झाला, आणि माझ्या १९९६ सालच्या बुलेट ३५० चा दिवा पुढच्या चाकासमोर जेमतेम चार हात उजेड पाडत होता. समोरची गाडी निघून गेली की काही क्षण रस्त्याची कडाही दिसत नसे. घरी पोहोचेपर्यंत मोठा बल्ब टाकण्याचे मी नक्की केले होते. प्रत्यक्षात मात्र आधी मोजमाप केले, आणि बल्ब बदलण्याची गरजच उरली नाही. ते सविस्तर लिहावे आणि इतरांचेही अनुभव एके ठिकाणी यावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्यांनी जुन्या गाडीचा दिवा किंवा त्याचे वायरिंग बदलले आहे, त्यांनी गाडी कोणती, काय बदलले, आधी आणि नंतर व्होल्टेज किती मिळाले आणि काय चुकले, हे अवश्य लिहावे. ‘उजेड छान पडतो’ एवढ्यावरून दुसऱ्याला काही करता येत नाही. तारेची जाडी आणि आकडे कळले तर येते.

पुणे, बुलेट ३५०

इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, तेव्हा १३.४ व्होल्ट मिळाले. दिवा लावलेल्या स्थितीत बल्बच्या होल्डरमागे डिपरची (खालच्या झोताची) पिन आणि अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी) पिन यांच्यामध्ये मोजले, तर १०.९ मिळाले. अडीच व्होल्ट वाटेतच संपत होते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो त्याहून कितीतरी वेगाने, साधारणपणे ३.४ व्या घाताने घटतो. त्यामुळे माझ्या हिशेबाने बल्बचा जवळजवळ निम्मा उजेड तारांमध्येच जात होता. अशा वायरिंगवर मोठा बल्ब लावला असता, तर त्याने जास्त करंट ओढला असता, तारांमधली घट आणखी वाढली असती आणि आधीच थकलेली बटणे तापली असती.

ही घट नेमकी कुठे होते, ते शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि या कामातला सर्वात शिकण्यासारखा भाग तोच होता. मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर स्थिर ठेवायची, दिवा चालू ठेवायचा आणि काळ्या तारेने चावी, दिव्याचे बटण, डिपर स्विच आणि होल्डर असे एकेक ठिकाण तपासत पुढे जायचे. जिथे आकडा एकदम वाढतो, तिथे दोष असतो. प्लसच्या बाजूने १.८ व्होल्ट जात होते, त्यांतले निम्म्याहून अधिक डिपर स्विचमध्ये. उरलेले ०.७ व्होल्ट अर्थच्या बाजूने जात होते, ज्याचा मी विचारही केला नव्हता. माझ्या गाडीत दिव्याच्या अर्थची मूळ तार कधीतरी तुटलेली होती आणि करंट हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेल्या गोळ्यांमधून, चॅसिसपर्यंत पोहोचत होता.

त्यानंतर अप्परसाठी (लांबच्या झोतासाठी) एक आणि डिपरसाठी एक, असे दोन चार-पिनी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, टाकीखाली बसवले. बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलिमीटरची तार १५ अँपिअरच्या फ्यूजमधून दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनेला दिली आणि ८७ वरून दीड चौरस मिलिमीटरच्या तारा होल्डरपर्यंत नेल्या. डिपर स्विचमधून निघणाऱ्या मूळ तारा ८६ ला जोडल्या आणि ८५ ला अर्थ दिले. होल्डर सिरॅमिकचा घेतला आणि त्याच्या अर्थची अडीचची स्वतंत्र तार थेट बॅटरीच्या मायनसला जोडली. आता स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अँपिअरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकाच करंट जातो. पूर्वी डिपरचे साडेचार अँपिअर त्याच स्विचमधून जात होते. बल्ब तोच जुना ६०/५५ वॅटचा आहे आणि होल्डरवर आता १३ व्होल्ट मिळतात.

एक चूक झाली. हँडल सरळ असताना तारा बांधल्या आणि त्यांना पुरेशी ढील ठेवली नाही. चौथ्या दिवशी भर बाजारात हँडल पूर्ण उजवीकडे वळवताच दिवा गेला, कारण अर्थची तार लगमधून (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीतून) ओढली गेली होती. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय तारांना टाय लावू नये. आणखी एक बदल ध्यानात ठेवावा लागतो. दिव्याचा करंट आता अॅमीटरच्या पलीकडून थेट बॅटरीवरून घेतला जात असल्यामुळे, गाडी चालू असताना दिवा लावला की काटा चार्जच्या बाजूला झुकलेला दिसतो. त्याचा अर्थ बॅटरीला तितके चार्जिंग मिळते आहे असा नाही.

संगमनेर, स्प्लेंडर

आमचा दुधाचा व्यवसाय असल्यामुळे पहाटे साडेचारला गाडी काढावी लागते. माझी स्प्लेंडर २००१ सालची आहे. वरच्यासारखेच रिले मी बसवले आणि ३५ वॅटच्या जागी ५५ वॅटचा हॅलोजन लावला. पहिले दोन दिवस रस्ता लख्ख दिसला. आठवडा संपण्याआधीच बॅटरी पूर्ण उतरली आणि इंडिकेटरसुद्धा लागेनात. आमच्या गावातल्या बॅटरीच्या दुकानातील काकांनी कारण समजावून सांगितले, ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

माझ्या गाडीतील हेडलाईट मुळात बॅटरीवर चालतच नव्हता. त्याला मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून थेट एसी करंट मिळत असे, म्हणूनच गाडी आयडलला आली की उजेड मंद होई आणि रेस दिली की वाढे. बॅटरी फक्त २.५ अँपिअर-तासांची होती आणि तिच्याकडे येणारे चार्जिंग हॉर्न आणि इंडिकेटर यांच्यापुरतेच होते. तिच्यावर ५५ वॅटचा दिवा टाकणे म्हणजे तिच्यातून साडेचार अँपिअर काढत राहणे होते.

त्यानंतर काकांनी मॅग्नेटचे कव्हर उघडून कॉइलचे जे टोक अर्थ केलेले होते ते सोडवले, त्याला तार जोडून बाहेर आणले आणि कॉइलची दोन्ही टोके फुल-वेव्ह रेक्टिफायर-रेग्युलेटरला (एसीचे डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या भागाला) दिली. यामुळे करंटच्या दोन्ही अर्ध्या लहरी कामाला येतात आणि सगळी गाडी डीसीवर चालते. बॅटरी पाच अँपिअर-तासांची केली. बल्ब मात्र पुन्हा ३५/३५ वॅटचाच लावला, कारण कॉइल तेवढीच वीज देऊ शकते. आता आयडलला उजेड मंद होत नाही, आणि पहाटेच्या त्या रस्त्यासाठी मला तेवढे पुरते. ज्यांची गाडी एसी दिव्याची आहे, त्यांनी रिलेचे कोणतेही तयार किट घेण्याआधी हे तपासावे, ही कळकळीची विनंती. इंजिन आयडलला ठेवून दिवा लावा. उजेड रेसबरोबर स्पष्टपणे खालीवर होत असेल, तर आधी मॅग्नेटचा विचार करावा लागेल.

सोलापूर

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. वायरिंग मूळचेच ठेवून १००/९० वॅटचा बल्ब लावला. बार्शीच्या रस्त्यावर तासाभराने जळका वास आला. होल्डरचा प्लॅस्टिकचा कपलर वितळून बल्बच्या पिनांना चिकटला होता आणि रिफ्लेक्टरचा वरचा लेप फुगला होता. डूम (दिव्याचा काच आणि रिफ्लेक्टरचा भाग), होल्डर आणि एक फूट वायरिंग असे सगळे नवे घ्यावे लागले. गाडीला साजेसा बल्ब तोच, जो कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आहे, असे माझे आता ठाम मत आहे.

नागपूर, गाड्यांच्या वायरिंगचे काम

मी तीस वर्षे हे काम केले आहे, म्हणून वरच्या अनुभवांना पूरक असे काही लिहितो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा. फ्यूज दिव्याजवळ लावला आणि टाकीखाली तार घासून चॅसिसला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, तार पेटेल, आणि तीही पेट्रोलच्या टाकीखाली. जोड मारताना तारा नुसत्या पिळून त्यांवर इन्शुलेशन टेप गुंडाळू नये. आमच्या विदर्भाच्या उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा महिन्याभरात सुटतो. थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबावे आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. सोल्डरिंग वाईट नाही, परंतु सोल्डर तारेत जिथपर्यंत मुरते तिथे ती कडक होते आणि सतत हलणाऱ्या जागी, विशेषतः हँडलच्या वळणावर, नेमकी तिथेच तुटते. रिले पिना खाली करून बसवावेत, म्हणजे पाणी आत साचत नाही. जुनी तार कापल्यावर तांबे काळे दिसले, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे, कारण काळ्या तांब्यावर केलेला जोड फार दिवस टिकत नाही.

सावंतवाडी, आरएक्स १००

माझ्या आरएक्स १०० ला पूर्ण डीसी वायरिंग करून मी हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी बल्ब बसवला होता. भिंतीवर पाहिले तेव्हा प्रकाश पांढराशुभ्र आणि जोरदार दिसला. ऑगस्टमध्ये आंबोली घाटात धुके उतरले, तेव्हा त्याच पांढऱ्या प्रकाशाची भिंत माझ्यासमोर उभी राहिली आणि पुढच्या वळणाचा अंदाज येईना. तरीही मी तो बल्ब काढला नाही, याची मला आजही खंत वाटते.

पुढच्याच आठवड्यात समोरून सायकलवर येणारे एक वयस्कर गृहस्थ माझ्या दिव्याने दिपून रस्त्याखाली उतरले आणि गटारात पडले. सुदैवाने खरचटण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही. मी डिपरवरच होतो. त्या रात्री मी कारण समजून घेतले. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, जी खाली जाणारा प्रकाश अडवते. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर आखलेला असतो. एलईडीच्या चिप फिलामेंटच्या नेमक्या जागी आणि आकाराच्या नसल्या, तर प्रकाश विस्कटतो आणि डिपरवर असतानाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मी हॅलोजन परत लावला. डीसी वायरिंगमुळे त्यालाही पूर्वीपेक्षा खूपच चांगला उजेड मिळतो.

चिपळूण, पॅशन

मी परिचारिका आहे आणि रात्रपाळी संपवून बावीस किलोमीटरवरच्या गावी परतते. वायरिंग नीट केल्यानंतरही मला रस्ता दिसत नव्हता, कारण दिव्याची दिशाच चुकलेली होती. आपल्या मोटार वाहन नियमांतील नियम १०६ प्रमाणे दिव्याचा झोत खाली वळलेला असावा लागतो, इतका की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपू नये. मी हेच मोजून पाहिले. सपाट अंगणात गाडी उभी केली, मी स्वतः गाडीवर बसले, भावाला ८ मीटरवर स्टुलावर बसवले आणि त्याचे डोळे दीड मीटरवर येतील असे पाहिले. स्टँडवर गाडी लावून दिशा ठरवू नये. आणि मागे कोणी बसले की मागचे शॉकअप दबते आणि झोत वर उचलला जातो, म्हणून ज्यांच्या मागे रोज कोणी बसते, त्यांनी दोघांच्या वजनासह तपासावे. मागच्या शॉकअपची सेटिंग एक खाच कडक केल्यावर माझा प्रश्न सुटला.

कोल्हापूर, जावा

वडिलांची १९६८ सालची जावा माझ्याकडे आहे. ती ६ व्होल्टची असल्यामुळे वर लिहिलेले सगळे तिला अधिकच लागू पडते. तेवढ्याच वॅटसाठी ६ व्होल्टला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे त्याच तारेत दुप्पट व्होल्ट जातात, आणि तेही निम्म्या भांडवलातून. म्हणजे टक्केवारीत नुकसान चौपट होते. अनेकांनी मला १२ व्होल्ट करण्याचा सल्ला दिला. वडिलांच्या हातची गाडी जशी आहे तशी राहावी, अशी माझी इच्छा असल्याने मी तारा सगळीकडे अडीच चौरस मिलिमीटरच्या केल्या, बॅटरी, चॅसिस आणि डूम यांना जोडणारी अर्थची वेगळी तार ओढली आणि डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलले. होल्डरवरचे व्होल्टेज ४.९ वरून ५.८ वर आले.

उजेड वाढला, परंतु अपेक्षेइतका नाही. कारण रिफ्लेक्टरवरची चकाकी गेली होती. मी आधी तो मऊ फडक्याने पुसला आणि होता नव्हता तो थरही खरवडून काढला. रिफ्लेक्टरला आतून बोटसुद्धा लावू नये, हे मला तेव्हा कळले. तो सध्या पुन्हा अॅल्युमिनियमचा लेप देण्यासाठी दिलेला आहे. परत आला की डूम बसवून नवे मोजमाप इथेच लिहीन.