मदत हवी आहे: नाशिकहून समुद्रकिनारी चांगला रिसॉर्ट

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन दोन रात्री समुद्रावर जायचं आहे. या वेळी हात आखडता घ्यायचा नाही, पण पैसे वसूल व्हायला हवेत.

एक विचार त्र्यंबक-जव्हार मार्गे डहाणू-बोर्डीचा. मुंबईची गर्दी टळते, पण जव्हारच्या वळणांवर सासूबाईंना गाडी लागते. दुसरा अलिबाग: समृद्धीने इगतपुरीहून आमणेपर्यंत झटपट, पुढे भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडवा. आमच्या ह्यांना बोटीचंच आकर्षण, रिसॉर्ट गेला उडत!

खरी अडचण फोटोंची. ‘सी-व्ह्यू’ म्हणून जादा पैसे घेतात आणि माडांच्या फटीतून निळी रेघ दिसते. म्हणून जाऊन आलेल्यांनीच सांगा: खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तळमजल्याची खोली मागितली तर खरंच मिळते का? जेवणात ताजी सुरमई असते की तेच पनीर बुफे? ओहोटीला समोर चिखल उघडा पडतो का?

काशीद सुचवू नका, तिथलं पाणी पटकन खोल होतं आणि आमची मुलं ऐकणाऱ्यातली नाहीत. शनिवार-रविवार सोडून गेलो तर भाव उतरतो का, तेही कळवा.